सात सह्या आणि एक पावतीपुस्तक

मोंढ्यात, जिनिंगच्या फाटकावर किंवा बांधकामाच्या जागेवर पाच-सहा मजूर कुणाचे तरी बोलणे ऐकत उभे राहिले, की गुत्तेदाराचा माणूस येऊन विचारतो, "तुम्ही कोण? तुमच्याकडं परवाना हाय का?" बोलणारा कार्यकर्ता नवखा असेल तर तिथेच चाचरतो. या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ असले पाहिजे. कामगारांची संघटना बांधणाऱ्या माणसाला आपल्याकडे कसलाही परवाना लागत नाही. त्याला कुठल्या कार्यालयात स्वतःचे नाव नोंदवावे लागत नाही. संघटना स्थापन करण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १९ ने नागरिकाला दिला आहे आणि मजुराला "आमच्या संघटनेत या" असे सांगणे हा त्याच हक्काचा भाग आहे.

जगात सगळीकडे असे नव्हते. अमेरिकेच्या टेक्सास राज्याने १९४३ मध्ये कायदा केला की, पगारी संघटकाने कामगारांना सदस्य व्हा असे सांगण्याआधी राज्याकडून संघटकाचे कार्ड घेतले पाहिजे. मोटार कामगारांच्या संघटनेचे अध्यक्ष आर. जे. थॉमस त्याच वर्षी सप्टेंबरात ह्यूस्टनजवळच्या सभेत कार्ड न घेता मुद्दाम बोलले आणि एका कामगाराला नाव घेऊन सदस्य होण्याचे आवाहन केले. त्यांना तीन दिवसांची कैद आणि शंभर डॉलर दंड झाला. जानेवारी १९४५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. सभेत बोलण्यासाठी आधी सरकारकडे नाव नोंदवायला लावणे हे भाषणस्वातंत्र्यात बसत नाही, असे ठरले. पाच विरुद्ध चार मतांनी ठरले, म्हणजे तिथेही गोष्ट काठावरच होती. आपल्याकडे हे कार्ड कधी नव्हते आणि आजही नाही.

आपल्याकडे नोंदते ती संघटना. तीही नोंदलीच पाहिजे अशी सक्ती नाही. बिननोंदणीची संघटना बेकायदा ठरत नाही. तरीही मी परभणी, हिंगोलीकडच्या प्रत्येक कार्यकर्त्याला आग्रहाने सांगतो, की नोंदणी करा, आणि लवकर करा. त्याचे कारण इतिहासातच आहे. मद्रासच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांमधल्या कामगारांची संघटना १९१८ मध्ये उभी राहिली, बी. पी. वाडिया तिचे अध्यक्ष होते. मालकांनी थेट उच्च न्यायालय गाठले आणि कामगारांना संपासाठी चिथावल्याबद्दल पुढाऱ्यांवर मनाई हुकूम मिळवला. कामगारांसाठी बोलणे हाच दिवाणी गुन्हा ठरू लागला. तेव्हा ना. म. जोशी यांनी १९२१ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात कामगार संघटनांच्या नोंदणीचा आणि संरक्षणाचा ठराव मांडला. पुढची पाच वर्षे पाठपुरावा होऊन १९२६ चा कामगार संघटना कायदा झाला आणि १ जून १९२७ पासून लागू झाला. परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानातली ही सोय इथल्या मजुराच्या वाट्याला उशिरा आली.

नोंदलेल्या संघटनेला कायदा स्वतंत्र व्यक्ती मानतो. तिच्या नावाने बँकेत खाते निघते, जागा घेता येते, दावा लावता येतो. अध्यक्ष बदलला, सचिव गाव सोडून गेला, तरी संघटना कायद्याच्या नजरेत तीच राहते. मालक-कामगार तंट्यात कायदेशीर मार्गाने केलेल्या कामाबद्दल पदाधिकाऱ्यांवर फौजदारी कटाचा किंवा नुकसानभरपाईचा दावा चालत नाही. मारहाण, मोडतोड याला अर्थातच हे संरक्षण नाही. आणि रोजच्या व्यवहारात पाहिले तर नोंदणी क्रमांक असलेल्या कागदावर निवेदन गेले, की समोरच्या अधिकाऱ्याला ते आवक नोंदवहीत घ्यावे लागते आणि त्याचे उत्तर द्यावेसे वाटते. तेवढ्यानेही पुष्कळ कामे पुढे सरकतात.

कायदा आता बदलला आहे, हे लक्षात ठेवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आणि १९२६ चा कायदा तिच्यात मिसळून गेला. नोंदणीच्या मूळ अटी बहुतेक त्याच राहिल्या आहेत. जुन्या कायद्याखाली नोंदलेली संघटना नव्या संहितेखाली नोंदलेलीच मानली जाते. फक्त आपली घटना नव्या तरतुदींप्रमाणे आहे असे निवेदन तिने नोंदणी करणाऱ्या निबंधकाकडे द्यायचे असते. तुमची संघटना जुनी असेल तर हे निवेदन दिले आहे का, ते याच आठवड्यात तपासा.

संघटना कोणाची?

अर्जाच्या आधी हा प्रश्न सोडवावा लागतो, आणि इथेच सर्वांत जास्त चुका होतात.

आपल्या जिल्ह्यात एकाच छपराखाली वर्षभर काम करणारा कामगार कमी. परभणीच्या औद्योगिक वसाहतीत काही कारखाने आहेत, गंगाखेड-पाथरी भागात साखर कारखाने आहेत. पण मोठी संख्या मोंढ्यातल्या हमाल-मापाड्यांची, मानवत आणि सेलूच्या जिनिंगमधल्या हंगामी मजुरांची, बांधकामावरच्या गवंडी-बिगाऱ्यांची, कृषी विद्यापीठातल्या आणि महापालिकेतल्या रोजंदारी व कंत्राटी कामगारांची, अंगणवाडी सेविका-मदतनिसांची, आशांची, आणि गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूरकडून दरसाल ऊसतोडीला जाणाऱ्या मजुरांची. यातल्या बहुतेकांचा मालक कागदावर एक असतो आणि प्रत्यक्षात दुसरा.

कंत्राटी सफाई कामगारांची संघटना काढताना गुत्तेदाराच्या एजन्सीच्या नावाशी ती कधीही बांधू नका. वर्षाने निविदा निघते, गुत्तेदार बदलतो, कामगार तेच राहतात आणि संघटनेच्या नावातली एजन्सी मात्र नाहीशी झालेली असते. नाव आणि कार्यक्षेत्र कामावरून ठरवा: परभणी जिल्ह्यातले सफाई कामगार, जिल्ह्यातले जिनिंग-प्रेसिंग कामगार, ऊसतोड व वाहतूक कामगार. एखाद्या आस्थापनेपुरती नोंदणी करता येते तशी एखाद्या उद्योगापुरतीही करता येते, आणि आपल्याकडे दुसरी वाटच बहुधा शहाणपणाची ठरते.

"आम्ही तर मानधनावर," किंवा "आमचा मालकच नाही, आम्ही हातगाडीवाले," असे म्हणून मागे सरू नका. संघटनेच्या नोंदणीपुरती संहितेने कामगाराची व्याख्या मोकळी ठेवली आहे. धंद्यात किंवा उद्योगात काम करणारे सगळे आणि २००८ च्या असंघटित कामगार सामाजिक सुरक्षा कायद्यातले कामगारही तीत येतात. त्या कायद्याच्या व्याख्येत स्वयंरोजगारी आणि घरबसल्या काम करणारेही धरले होते.

नवी संघटना काढायलाच हवी का, हेही एकदा विचारा. आयटक, सीटू, इंटक, हिंद मजदूर सभा, भारतीय मजदूर संघ यांच्याशी जोडलेल्या, आधीच नोंदलेल्या संघटनांमध्ये तुमच्या कामाचा गट असेल, तर त्यांची शाखा उघडायला नवी नोंदणी लागत नाही. एकाच मोंढ्यात चाळीस-चाळीस हमालांच्या तीन संघटना निघतात, त्याचा फायदा अडत्यांशिवाय कुणालाही झालेला मी पाहिलेला नाही. पण जुनी संघटना झोपली असेल, निवडणूक घेत नसेल, हिशोब दाखवत नसेल, तर नवी काढायला कुणाच्या परवानगीची वाट पाहू नका.

दुसरी गल्लत कार्यालयाची. धर्मादाय कार्यालयात संस्था नोंदवून "आमची युनियन रजिस्टर झाली" असे समजणारे अनेक आहेत. ते प्रमाणपत्र शाळा, वाचनालय, मंडळ यांच्यासाठी. कामगार संघटनेची नोंदणी संस्था नोंदणी कायद्याखाली, सहकारी कायद्याखाली किंवा कंपनी कायद्याखाली झालेली असेल, तर ती मुळातच निरर्थक ठरते. तसेच ई-श्रम कार्ड, बांधकाम कामगार मंडळातली नव्वद दिवसांच्या दाखल्यावरची नोंदणी, बाजार समितीचा हमाली परवाना, माथाडी मंडळातली नोंद, या प्रत्येकाचा उपयोग वेगळा आहे. त्यांतल्या कशानेही संघटना नोंदली जात नाही.

आकड्यांचे गणित

अर्ज करायला किमान सात सदस्यांच्या सह्या लागतात. याशिवाय, ज्या आस्थापनेत किंवा उद्योगात संघटना आहे तिथल्या कामगारांपैकी दहा टक्के किंवा शंभर, यांपैकी जो आकडा लहान असेल तितके सदस्य अर्जाच्या तारखेला असावे लागतात. ही अट २००१ च्या दुरुस्तीने आली आणि संहितेतही आहे. जिनिंगमध्ये एकशे वीस मजूर असतील तर बारा सदस्य पुरतात. चाळीसच असतील तर दहा टक्के म्हणजे चार होतात, पण सातांखाली जाता येत नाही. जिल्ह्यातल्या तीन हजार हमालांची संघटना करायची तर दहा टक्के म्हणजे तीनशे, पण शंभर हा आकडा लहान, म्हणून शंभर सदस्य पुरे. ही संख्या नोंदणीच्या दिवसापुरती जमवून चालत नाही, ती पुढेही टिकवावी लागते.

आता सात सह्यांविषयी. कायदा म्हणतो, अर्ज दिल्यावर सही करणाऱ्यांपैकी काही जण सोडून गेले तरी अर्ज रद्द होत नाही, मात्र गेलेले निम्म्यापेक्षा जास्त नसावेत. सातच सह्या घेतल्या आणि चौघांना मुकादमाने बोलावून दम दिला, "कामावर राह्यचं का नाही?" तर अर्ज संपला. म्हणून पंधरा-वीस सह्या घ्या. त्या सह्या वेगवेगळ्या टोळ्यांतल्या, वेगवेगळ्या गावांतल्या आणि शक्यतो वेगवेगळ्या समाजांतल्या माणसांच्या घ्या. एका घरच्या, एका भावकीच्या सह्यांवर दबाव एकाच दारातून येतो.

वही आणि पावती

नोंदणीचे खरे काम कामगार कार्यालयात होत नाही, ते सदस्यांच्या नोंदवहीत होते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांना एकत्र केले आणि १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळवली. एवढ्या मोठ्या कामामागच्या संघटनेकडे सदस्यांची यादी नव्हती, निधी नव्हता, लेखी नियम नव्हते. त्या काळच्या सरकारी अहवालाने हे नोंदवून तिला संघटना मानायलाच नकार दिला होता. लोखंड्यांचे मोठेपण त्याने उणावत नाही. पण आज आपल्या बाजूने कायदा असताना ती पळवाट समोरच्याला ठेवायची नाही.

एक जाड, पाने क्रमांकित असलेली वही घ्या. प्रत्येक पानावर अनुक्रमांक, पूर्ण नाव, वय, गाव आणि तालुका, कामाचे ठिकाण, कामाचा प्रकार, सदस्य झाल्याची तारीख, पावती क्रमांक आणि सही किंवा अंगठा, एवढे रकाने आखा. नाव आधारकार्डावर जसे आहे तसेच लिहा. आपल्याकडे आधारावर लक्ष्मीबाई, मजुरीच्या वहीत लक्षी आणि गावात नातवाच्या नावाने ओळखली जाणारी बाई एकच असते. पडताळणीत तिची तीन माणसे होतात किंवा एकही उरत नाही. म्हणून चालू नाव त्याच रकान्यात कंसात टाका. अंगठा असेल तर शेजारी साक्षीदाराची सही हवी. पुरुषाचा डावा, बाईचा उजवा असल्या वादात वेळ घालवू नका, ठसा स्पष्ट उमटला पाहिजे.

वर्गणी थोडी ठेवा, पण पावतीशिवाय एक रुपयाही घेऊ नका. जुन्या कायद्यात किमान वर्गणी ग्रामीण कामगाराला वर्षाला एक रुपया, इतर असंघटित कामगाराला तीन आणि बाकीच्यांना बारा रुपये होती. नव्या व्यवस्थेत ती नियमांनी ठरते. महिन्याला दहा रुपये असले तरी कुणाला जड जात नाही, पण ती पावती पुढे तुमचा सदस्य कोणत्या तारखेपासून सदस्य होता याचा पुरावा बनते. कामावरून काढल्याच्या आधीच्या तारखेची पावती हातात असलेला मजूर आणि नसलेला मजूर यांची न्यायालयातली स्थिती फार वेगळी असते.

ऊसतोड कामगारांमध्ये काम करणाऱ्यांनी हंगामाचे भान ठेवावे. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघाल्या की पुढचे पाच-सहा महिने माणूस भेटत नाही. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. सदस्यनोंदणी आणि स्थापनेची सभा श्रावण-भाद्रपदात उरका. पत्ता गावाकडचा लिहा. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी हे मुकादमाचे गणित आहे, संघटनेने ते उचलू नये. उचल एकट्या नवऱ्याच्या नावाने असली तरी वहीत दोघांची नावे वेगळी आणि पावत्या दोन असाव्यात.

स्थापनेच्या सभेचे इतिवृत्त सभा संपायच्या आत लिहून वाचून दाखवा. तारीख, वेळ, जागा, हजर सदस्यांच्या सह्या, आणि ठराव सरळ भाषेत: "परभणी जिल्ह्यातील जिनिंग व प्रेसिंग कामगारांची संघटना स्थापन करावी, वाचून दाखवलेली घटना मंजूर करावी, आणि नोंदणीचा अर्ज करण्याचा व त्यासंबंधी पत्रव्यवहाराचा अधिकार सरचिटणीसांना द्यावा, असे सर्वानुमते ठरले." सूचक आणि अनुमोदकाची नावे घाला. एवढे पुरे. "सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली" या वाक्याची निबंधकाला गरज नसते.

घटना लिहिताना

घटना म्हणजे संघटनेचे नियम. बाजारात छापील नमुने मिळतात, ते आधाराला घ्या, पण डोळे मिटून उतरवू नका; दुसऱ्या संघटनेच्या घटनेतले बँकेचे नाव आणि तालुकाही तसाच राहून गेलेले अर्ज परत येतात. नियमांत संघटनेचे नाव, उद्दिष्टे, निधी कशासाठी खर्च होईल, सदस्यांची यादी कशी ठेवली जाईल आणि सदस्याला ती कशी पाहता येईल, सदस्य कोण होऊ शकेल, वर्गणी किती, मदत मिळण्याच्या आणि दंडाच्या अटी, वार्षिक सर्वसाधारण सभा, पदाधिकाऱ्यांची निवड आणि त्यांना काढण्याची पद्धत, निधी सुरक्षित ठेवण्याची आणि वार्षिक हिशोबतपासणीची व्यवस्था, नियम बदलण्याची आणि संघटना विसर्जित करण्याची रीत, हे सगळे असावेच लागते. एखादी गोष्ट राहिली तरी अर्ज अडकतो. निवडणूक दर दोन वर्षांनी ठेवा. जास्त मुदत घेतली की पदाधिकाऱ्यांना निवडणुकीचा विसर पडतो, हा आपल्याकडचा अनुभव सार्वत्रिक आहे.

उद्दिष्टांत मजुरी, कामाचे तास, सुरक्षितता, मालकाशी वाटाघाटी या गोष्टी आधी याव्यात. सामुदायिक विवाह, रक्तदान, महापुरुषांच्या जयंत्या ही कामे चांगली आहेत. पण त्यांनीच पान भरले तर निबंधक विचारणारच, की ही कामगार संघटना की मंडळ? राजकीय कामासाठी पैसा गोळा करायचा असेल तर त्याचा निधी वेगळा ठेवावा लागतो आणि तो देणे न देणे सदस्याच्या खुशीवर असते. न देणाऱ्याचा कुठलाही हक्क कमी करता येत नाही.

नाव आधीच नोंदलेल्या संघटनेसारखे किंवा गोंधळ होईल इतके जवळचे असेल तर बदलायला सांगतात. म्हणून दोन-तीन नावे सभेतच मंजूर करून ठेवा, नाहीतर एका शब्दासाठी पुन्हा सभा बोलवावी लागते.

बाहेरचा माणूस

"हे पुढारी आमच्या कारखान्याचे कामगारच नाहीत," ही मालकाची आवडती हरकत. संघटनेत बाहेरचा पदाधिकारी असू शकतो, पण त्याला मर्यादा आहे. असंघटित क्षेत्रात एकूण पदाधिकाऱ्यांपैकी किमान निम्मे त्या कामातले असावे लागतात. इतर ठिकाणी बाहेरचे पदाधिकारी एकूण संख्येच्या एक तृतीयांश किंवा पाच, यांतल्या लहान आकड्यापेक्षा जास्त नसावेत. नऊ जणांच्या कार्यकारिणीत तिघे बाहेरचे चालतात. अठरा जणांची असेल तर सहा नव्हे, पाचच. निवृत्त झालेला किंवा कामावरून कमी केलेला कामगार बाहेरचा धरला जात नाही, आणि ही तरतूद मोलाची आहे, कारण संघटनेसाठी नोकरी गमावलेल्या माणसाला ती संघटनेतून जाऊ देत नाही. मंत्री कार्यकारिणीवर असू शकत नाही. अठरा वर्षांखालचा आणि नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैद भोगून पाच वर्षे न झालेला माणूस पदाधिकारी होऊ शकत नाही. वयाचा पुरावा सर्वांचा घ्या.

इथे एक गोष्ट कायद्याच्या पलीकडची, पण मला फार महत्त्वाची वाटते. जिनिंगमध्ये सरकी-रुईच्या धुळीत दिवसभर बाया असतात, अंगणवाडी आणि आशा तर पूर्णपणे बायांचेच काम आहे. तरी पदाधिकाऱ्यांच्या यादीत अध्यक्ष, सरचिटणीस, खजिनदार पुरुष आणि "महिला प्रतिनिधी" म्हणून शेवटी एक नाव. असे करू नका. जिच्या मजुरीचा प्रश्न आहे तिची सही चेकवर असली पाहिजे.

अर्ज आणि कार्यालय

अर्जासोबत सही करणाऱ्यांची नावे, काम आणि पत्ते, संघटनेचे नाव आणि मुख्य कार्यालयाचा पत्ता, पदाधिकाऱ्यांची पदे, नावे, वय, काम आणि पत्ते, आणि घटनेची प्रत जाते. संघटना वर्षभराहून जुनी असेल तर मालमत्ता आणि देण्याचे विवरणही लागते. कार्यालयाचा पत्ता खरा द्या, कुणाच्या तरी घरचा चालेल, पण त्याची लेखी संमती घ्या; निबंधकाची पत्रे तिथेच येतात आणि पत्र परत गेले की प्रकरण थंड पडते.

परभणीत सरकारी कामगार अधिकाऱ्यांचे कार्यालय आहे, तिथून सुरुवात करा. निबंधकाचे अधिकार कामगार खात्यातल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे असतात आणि आपला संबंध छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय कार्यालयाशी येतो. अर्जाचा नमुना आणि शुल्क नियमांतून ठरतात, आणि संहिता लागू झाल्यापासून हे नियम बदलाच्या टप्प्यात आहेत. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीच्या फाईलमधला नमुना झेरॉक्स करून भरू नका. चालू नमुना, शुल्क आणि अर्ज कागदावर की ऑनलाइन, हे आधी विचारून घ्या. प्रत्येक कागदाच्या दोन प्रती काढा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच, तारखेसह शिक्का, घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. "साहेब आले की देतो" हे उत्तर स्वीकारण्याजोगे नाही. देत नसतील तर तोच अर्ज पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा.

त्रुटी निघतात. त्या लेखी मागा आणि लेखीच पूर्ण करा. तोंडी सांगितलेल्या त्रुटीला शेवट नसतो. नोंदणी नाकारली तर कारणांसह आदेश मागा. त्याविरुद्ध अपील करता येते, आणि अपिलाला मुदत असते, त्यामुळे आदेश मिळाल्याची तारीख पाकिटावर लिहून पाकीटसुद्धा जपून ठेवा.

हा अर्ज आणि प्रमाणपत्र यांमधला काळ सर्वांत नाजूक. मालकाला बातमी लागते, सह्या करणाऱ्यांना एकेकट्याला बोलावले जाते. संघटनेचे सदस्य झाल्याबद्दल कामावरून काढण्याची धमकी देणे, दुसरी पाळीव संघटना उभी करणे, पुढाकार घेणाऱ्याची मुद्दाम बदली करणे या सगळ्या गोष्टी कायद्याने अनुचित कामगार प्रथा आहेत. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात त्यांची यादीच आहे. धमकीची तारीख, वेळ, शब्द आणि हजर माणसे त्याच संध्याकाळी वहीत टिपा. महिन्याने आठवून लिहिलेले कुणी मानत नाही.

प्रमाणपत्र मिळाले म्हणजे मालक वाटाघाटीला बसलाच पाहिजे, असे मात्र नाही. नोंदणी वेगळी, मान्यता वेगळी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री असताना त्यांनी १९४३ मध्ये मालकांना संघटनेची मान्यता सक्तीची करणारे विधेयक मांडले होते. पुढे १९४७ मध्ये तशी दुरुस्ती मंजूर झाली, पण ती कधीच अमलात आणली गेली नाही. महाराष्ट्राने १९७१ च्या कायद्यात पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी, मागच्या सहा महिन्यांत तीस टक्के सदस्य असणाऱ्या संघटनेला औद्योगिक न्यायालयामार्फत मान्यतेची वाट दिली. नव्या संहितेत एकापेक्षा जास्त संघटना असतील तर हजेरीपटावरच्या एक्कावन्न टक्के कामगारांचा पाठिंबा असणारी संघटना वाटाघाटीची एकमेव हक्कदार ठरते. तेवढा कुणालाच नसेल तर वीस टक्क्यांमागे एक प्रतिनिधी घेऊन परिषद बनते. दोन्ही ठिकाणी मोजणी शेवटी तुमच्या वहीवर आणि पावत्यांवरच येते.

नोंदणी मिळाल्यावर लगेच संघटनेच्या नावाचा पॅन काढा, बँकेत खाते उघडा, आणि खाते दोन सह्यांनी चालेल असा ठराव करा. रोख रक्कम खजिनदाराच्या घरी किती ठेवायची याची मर्यादा घटनेतच लिहिलेली बरी. त्यानंतर दरवर्षी ३१ डिसेंबरला संपणाऱ्या वर्षाचे, तपासलेल्या हिशोबाचे विवरणपत्र निबंधकाकडे पाठवावे लागते, आणि वर्षात पदाधिकारी, पत्ता किंवा घटनेचे नियम बदलले असतील तर तेही कळवावे लागतात. आपल्या भागातल्या कितीतरी संघटना मालकाने संपवल्या नाहीत. त्या हे विवरणपत्र न भरल्याने नोंदणी रद्द होऊन संपल्या. रद्द करण्याआधी निबंधक नोटीस देतो, पण ती जुन्या पत्त्यावर जाते आणि जुन्या सचिवाच्या घरी पडून राहते. म्हणून मकर संक्रांतीच्या आत वर्षाचा हिशोब बंद करा, तपासनिसाची सही घ्या, सभेत तो मोठ्याने वाचून दाखवा, विवरणपत्र भरा आणि त्याची पोच घटनेच्या फाईलला लावा. ऊसतोड कामगारांच्या संघटनेला जानेवारीत सभा शक्य नसेल, तर विवरणपत्र वेळेवर भरून हिशोब वाचनाची सभा टोळ्या परतल्यावर, अक्षय्य तृतीयेच्या आसपास घ्या आणि तशी तरतूद घटनेत आधीच लिहून ठेवा.